पहिल्या चावीला

२ डिसेंबर, मंगळवार

जगात अन्याय फार. त्यांतल्या बहुतेकांची दखल घ्यायला कोणी ना कोणी नेमलेलं आहे. आयोग आहेत, समित्या आहेत, लांब चेहऱ्याची माणसं आहेत. पण सकाळच्या चहाचा पहिला घोट ओठांशी आलेला असताना खिडकीखाली मोटार खोकू लागली तर माणसाने कुठे जावं, याचा विचार आजवर एकाही सरकारने केलेला नाही. तो माणूस मी. वर्तमानपत्रात दर आठवड्याला लोकांना टोचून बोलणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे सहानुभूती कोणाकडून मिळणार नाही हेही ठाऊक आहे. म्हणून ही खाजगी नोंद.

वर आम्ही नवराबायको, खाली सासूबाई, आणि आमच्या खोलीच्या बरोब्बर खाली त्यांच्या गाडीची शेड. सासूबाई मोठ्या रुग्णालयात नर्सांच्या प्रमुख, म्हणजे मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते रुग्णालयाला कळलं, त्यांना नाही. मार्चमध्ये अण्णा, म्हणजे सासरे, गेले. थोड्या दिवसांनी मेट्रननी त्यांची गाडी हातात घेतली आणि नवाच उद्योग काढला. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. रोज सकाळी. कोणी सांगितलं नव्हतं, आणि थांबवायची कोणाची छाती नव्हती.

गाडीचं दुखणं असं: चावी फिरवली की स्टार्टर खर्र खर्र फिरत राहतो, इंजिन लागतंय न लागतंय असं करतं, एक उचकी देतं आणि गप्प. पुन्हा चावी, पुन्हा उचकी. मग केव्हातरी मर्जी होते. आज बराच वेळ होईना, तेव्हा मी खाली उतरलो. काळजीने नव्हे, चहा गार झालाच होता.

“काय म्हणतेय?” मी विचारलं.

“रुग्णासमोर नातेवाइकांनी गर्दी करू नये,” मेट्रन म्हणाल्या. “धक्का मारता येतो का?”

मी बाह्या सरसावल्या, गाडीला हात लावणार, तेवढ्यात ती सुरू झाली.

“बघा, तुम्हाला नुसतं बघून घाबरली,” त्या म्हणाल्या आणि गेल्या. पहिल्या घरी एक म्हातारे मास्तर असतात. पाठीला जखम आहे. मास्तरीणबाई त्यांना ठरल्या वेळी कुशीवर करून ठेवतात आणि पट्टी होईपर्यंत त्यांना तसंच भिंतीकडे तोंड करून पडून राहावं लागतं. गाडी खोकत बसली की ते भिंत बघत बसतात.

४ डिसेंबर, गुरुवार

मेहुण्याचा फोन. मेट्रनचा एकुलता एक मुलगा, दूरच्या शहरात कंपन्यांना सल्ला देतो. आम्ही त्याला ‘सल्लागार’ म्हणतो, तोंडावर नाही. माणूस वाईट नाही. आईवर जीव आहे, फक्त तो जीव तो सूचनांच्या स्वरूपात पाठवतो.

गाडी अडते ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. बायकोने फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

“आई, बाबा होते तेव्हा या गाडीला कधी काही झालं का?”

“नाही.”

“रोज एका चावीत लागायची. गाडी तीच, रस्ता तोच. म्हणजे बदललंय काय ते बघ. तुला राग येईल, पण गाडी बिघडलेली नाही. तुझ्याच्याने होत नाहीये.”

मेट्रन ताटलीवरचा कण बोटाने टिपत होत्या. तो टिपून झाल्यावरही बोट तिथेच राहिलं.

त्याचा बेत तयार होता. चौदा तारखेच्या रविवारी तो येणार, गाडी विकणार, खालचं घर बंद करणार, आईला घेऊन जाणार. तिथे तिच्यासाठी खोली आहे, उजेडाची आहे, त्याने खिडकीला पडदेसुद्धा लावलेत.

“आणि माझी माणसं?” मेट्रननी विचारलं.

“त्यांची काहीतरी सोय होईल ना, आई.”

“मग असं करू,” त्या म्हणाल्या. “रविवारी सकाळी तुझ्यासमोर चावी फिरवते. पहिल्या फटक्यात लागली नाही, तर पडदे मी स्वतः येऊन उघडते. लागली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

“ठरलं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात एवढी सुटका होती की मला त्याचा रागही आला नाही.

फोन ठेवला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो, “बॅटरी आहे. डोळे झाकून सांगतो. बॅटरी नसली तर मी स्वतःच्या हाताने गाडी धुवीन.”

“तुम्ही?” मेट्रन म्हणाल्या. “जावईबापू, तुम्ही स्वतःचा कप विसळत नाही.”

६ डिसेंबर, शनिवार

काल उस्ताद आला. कोपऱ्यावर गॅरेज आहे त्याचं. उस्ताद हे नाव त्याने स्वतःच स्वतःला दिलंय आणि इतकी वर्षं निष्ठेने चालवलंय. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट न उघडताच म्हणाला, “बॅटरी.”

मी सगळ्यांकडे बघितलं. हा क्षण मला जपून ठेवायचा होता.

नवी बॅटरी बसली. चावी फिरवली, लागली. “झालं,” उस्ताद म्हणाला. “आता ही गाडी तुमच्या नातवंडांना सुरू करता येईल, आजी.”

“आजी तुझ्या घरी,” मेट्रन म्हणाल्या. “इथे मॅडम.”

आज सकाळी: खर्र, खर्र, उचकी, गप्प. फक्त नव्या बॅटरीमुळे खर्र जरा जोरात. पैजेचा विषय कोणी काढला नाही. मीही काढला नाही. मोठ्या मनाची माणसं एकमेकांना अशा गोष्टींची आठवण देत नाहीत.

८ डिसेंबर, सोमवार

उस्तादने काल प्लग बदलले. मग एक यंत्र आणून गाडीला जोडलं. यंत्र म्हणालं सगळं ठीक आहे. आज सकाळी गाडीने यंत्राचं मत फेटाळलं.

उस्ताद म्हणाला, आता एक सेन्सर बदलून बघू, आणि पाना उचलला.

“खाली ठेव,” मेट्रन म्हणाल्या.

मी वीस वर्षं या बाईंचा जावई आहे, पण हा आवाज पहिल्यांदा ऐकला. या आवाजावर कधीकाळी सगळा वॉर्ड सरळ झोपत असणार. उस्तादने पाना ठेवला. मी विनाकारण खिशातले हात बाहेर काढले.

शेडमध्ये खुर्ची मागवली. त्या बसल्या, उस्ताद उभा.

“नुसत्या अंदाजाने औषधं देतोयस. विचारलंस का काही?”

“गाडीला काय विचारणार, मॅडम?”

“मला विचार. त्रास केव्हा होतो?”

“...केव्हा होतो?”

“सकाळी. रात्रभर उभी राहिल्यावर. एका घरून दुसऱ्या घरी जाताना अधेमधे बंद करते, तेव्हा काही नाही. एकदा दुपारभर उभी होती, तेव्हा थोडा. पुढे विचार.”

“एकदा लागली की चालते कशी?”

“लोण्यासारखी. आता शेवटचं. पहिल्या चावीला नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या चावीला लागते. बॅटरी मेली असती तर दुसऱ्या वेळी जास्त दमली असती. ही दुसऱ्या वेळी सुधारते. कुठला आजार पुन्हा विचारल्यावर सुधारतो?”

उस्ताद डोकं खाजवू लागला. इतका वेळ तो हुकूम ऐकल्यासारखा उभा होता. आता खरंच विचार करत होता. चेहऱ्यात फरक पडतो त्याने.

“म्हणजे पहिल्या खेपेला काहीतरी पोचत नाही,” तो हळूच म्हणाला.

“आता तू मेकॅनिकसारखा बोललास. जा, रात्रभर याच्यावर विचार करून ये. आणि कळल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.”

साध्या पोटदुखीपासून मंत्र्यांच्या भाषणांपर्यंत सगळ्यांवर मी लिहिलंय, पण प्रश्न विचारावा कसा हे आज शेडमध्ये बघितलं. लेखात घालणार होतो. मग वाटलं, लोक आपापल्या सासूबाईंशी तुलना करतील. घरोघरी उगाच कटकटी.

१० डिसेंबर, बुधवार

रविवार जवळ येतोय. मास्तरांकडे आज पुन्हा उशीर. काल मेट्रनचा पट्ट्यांचा डबा उघडा दिसला. आत प्रत्येक घराची पुडी वेगळी बांधून, वर कुठे काय लागतं ते लिहिलेलं. अशी तयारी माणूस दुसऱ्याच्या हाती काम सोपवताना करतो. बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, “मला दिसलंय,” आणि कपाट आवरायला गेली. कपाट आवरलेलंच होतं.

जेवताना वातावरण फार जड झालं. मी घरातला विदूषक आहे. पगार नसला तरी नेमणूक कायम आहे. म्हणून अण्णांची नक्कल काढली.

“अण्णांना कुठे असला त्रास व्हायचा,” मी म्हणालो. “त्यांची तर गाडीशी रोज बोलणी चालायची. मी वरून ऐकायचो. आधी दार, धप्प. मग चावीचा टक्. मग मागून कुठूनतरी घुंईई. मग शांत. मग टक्, पुन्हा घुंईई. मग अण्णा खाकरणार, आणि एकदम इंजिन. एखाद्या साहेबाच्या केबिनचं दार दोनदा वाजवून आत जावं तसं.”

बायको हसली. मेट्रनचा चमचा हवेत राहिला.

“परत करा.”

“काय?”

“आवाज. पहिल्यापासून.”

मी केले. हशा न पिकवता नक्कल करणं फार अवघड असतं.

“दोन घुंईच्या मधे काय करत होते?”

“मला वरून काय दिसणार? पण एकदा गाडीत शेजारी बसलो होतो तेव्हा बघितलंय. चष्मा पुसत होते. दाराच्या खिशात ते पिवळं फडकं असायचं ना, त्याने. चष्मा पुसायचा, डोळ्यांवर ठेवायचा, चावी मागे-पुढे, जरा थांबायचं, मग स्टार्ट.”

“चावी मागे-पुढे,” मेट्रन म्हणाल्या. “नक्की?”

“नक्की. इतकी वर्षं माझ्या चहाच्या वेळेला तेच चाललं होतं. मला पाठ आहे.”

त्यांनी ताट सरकवलं. “मी कधी लक्षच दिलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी शेजारी बसून पर्समध्ये किल्ल्या शोधत असायची.”

नक्कल कोणालाच आवडली नाही असं वाटून मी उरलेलं जेवण मुकाट्याने उरकलं.

११ डिसेंबर, गुरुवार

मोठा दिवस.

सकाळी खिडकीत उभा होतो. दार, धप्प. टक्. घुंईई. शांत. टक्. घुंईई. माझ्या हातातला कप थांबला. इंजिन. एका फटक्यात, उचकी नाही, काही नाही.

क्षणभर मला वाटलं अण्णाच निघाले. मूर्खपणा, चहा जरा कडक झाला होता.

मी धावतच खाली गेलो. “आई, जिंकलात! रविवारी हेच करायचं.”

मेट्रन स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या. “हे करून काय झालं? दुखणं दाबलं गेलं. बरं नाही झालं.”

“पण लागली ना!”

“जावईबापू, गोळी घेऊन ताप उतरवायचा आणि तपासणीला जायचं, असे रुग्ण मी आयुष्यभर पकडलेत. आता मी तेच करू? तेही पोटच्या मुलासमोर?”

उस्तादला बोलावलं. मला पुन्हा आवाज काढायला लावले, भर रस्त्यालगत. उस्तादने ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले.

“घुंई मागून येते? मागच्या सीटखालून?”

“मागूनच.”

“टाकीतला पंप,” तो म्हणाला. “चावी अर्धी फिरवली की पंप थोडा वेळ चालतो, इंजिनापर्यंत पेट्रोल रेटून ठेवतो, मग थांबतो. मी काय समजत होतो...” पुढचं त्याने गिळलं. उस्तादने काही गिळण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

त्याने पेट्रोलच्या पाइपला दाब मोजायचं गेज जोडलं. चावी अर्धी फिरवली, काटा झोकात वर गेला. आणि मग, आम्ही तिघं बघत असताना, आजारी माणसाने मान टाकावी तसा खाली येऊ लागला.

“दाब टिकत नाही,” उस्ताद म्हणाला. “आता पेट्रोल जातंय कुठे? एक तर पुढे इंजिनात गळतंय, नाही तर मागे टाकीत परत चाललंय.”

“कसं कळणार?” मेट्रननी विचारलं.

“पाइप टाकीजवळ दाबून धरतो. तरी काटा पडला तर पुढची गळती.”

“आणि थांबला तर मागची. रक्त कुठून येतंय ते असंच बघतात. धर.”

पुन्हा चावी, काटा वर, आणि उस्तादने मागचा रबरी पाइप चिमट्यात आवळला. काटा जागच्या जागी उभा राहिला. चिमटा सोडला, काटा घसरला. मला यंत्रातलं ओ का ठो कळत नाही, पण टाळी वाजवावीशी वाटली. कोणी वाजवली नाही, म्हणून मीही नाही.

पंपाच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पुढे गेलं की त्याने दार लावून घ्यायचं. तो झिजलाय. रात्रभरात सगळं पेट्रोल हळूहळू टाकीत उतरतं, पाइप रिकामा. सकाळी थेट स्टार्ट केलं की इंजिन कोरड्या घशाने ओरडतं. अर्धी चावी दोनदा दिली की पंप पाइप भरतो आणि गाडी लगेच लागते.

“म्हणजे हे दुखणं जुनं आहे,” मेट्रन म्हणाल्या.

“काही वर्षांचं तरी. काका रोज पंपाला दोनदा हाक मारायचे, म्हणून कोणाला कळलं नाही.”

“त्यांना माहीत होतं?” मी विचारलं.

मेट्रन हसल्या. मार्चनंतर पहिल्यांदा, मला वाटतं. “त्यांना? त्यांना बॉनेट कुठून उघडतात ते माहीत नव्हतं. कधीतरी चष्म्यासाठी थांबले असतील, त्या दिवशी झटकन लागली असेल. मग ते सोडणार होय. एकदा जमलेली गोष्ट त्यांनी जन्मभर तशीच केली.” थोडं थांबून म्हणाल्या, “मुलगा म्हणत होता, काय बदललंय ते बघ. बरोबर म्हणत होता.”

१३ डिसेंबर, शनिवार

नवा पंप दुसऱ्या गावाहून यायचा होता. काल आला नाही. आज दुपार झाली तरी नाही. मेहुण्याचा निरोप आला, सकाळी लवकर पोचतो. बायको दर थोड्या वेळाने कोपऱ्यापर्यंत जाऊन येत होती, भाजी आणायला. भाजी एकदाही आली नाही.

शेवटी उस्ताद खोकं काखेत मारून आला, राजमुकुट आणल्यासारखा. मागची सीट उचलली, खालचं झाकण उघडलं, पेट्रोलचा वास घरभर. आता बघण्यासारखा प्रकार सुरू झाला. मेट्रन हातमोजे घालून शेजारी उभ्या. उस्तादने हात मागे केला की हवा तो पाना त्याच्या तळहातावर पडे. दहाचा म्हणण्याआधी दहाचा. त्यांना पान्यांची नावं माहीत नाहीत. त्या बोल्टकडे बघून देत होत्या.

“मॅडम, तुम्ही माझ्या गॅरेजमध्ये या,” उस्ताद म्हणाला.

“तू आधी ते झाकण पूस. जखम बंद करण्याआधी आत धूळ ठेवायची नसते.”

त्याने पुसलं. त्यांनी बोट फिरवून बघितलं. त्याने पुन्हा पुसलं.

काम झाल्यावर उस्ताद चावीकडे झेपावला. मेट्रननी चावी खिशात टाकली. “आत्ता लागली तर काहीच सिद्ध होत नाही. रात्रभर निरीक्षण. सकाळी बघू.”

“आणि सकाळी लागली नाही तर?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तर पुड्या बांधून ठेवल्यात,” त्या म्हणाल्या आणि हातमोजे काढून आत गेल्या.

१४ डिसेंबर, रविवार

मेहुणा आला तो कोट, मफलर आणि परीक्षेला बसल्यासारखा चेहरा घेऊन. उस्तादही आला, आज सुट्टी असून, अंघोळ करून. सगळे शेडसमोर उभे. मी चहा वरच ठेवून आलो होतो.

मेट्रन आत बसल्या. दार, धप्प. चष्मा नाही, फडकं नाही, थांबणं नाही. सरळ चावी.

लागली.

उस्तादने आकाशाकडे बघितलं, जणू हिशेब वरच्याला कळवला. बायकोने माझा दंड धरला होता. वळ अजून आहे. मेहुणा गाडीकडे बघत राहिला.

“परत एकदा लावून दाखव ना,” तो म्हणाला.

“परत लावली की नेहमीच लागायची,” मेट्रन म्हणाल्या. “पहिल्याचाच प्रश्न होता. बस शेजारी. मास्तर वाट बघतायत.”

तो बसला. डबा त्याच्या मांडीवर दिला. परतायला दुपार झाली. मेहुणा वर येऊन माझ्याजवळ बसला.

“मास्तरांना उचलून धरायला मीच होतो आज,” तो म्हणाला. “मला म्हणाले, रोज तुझीच आई मला भिंतीकडून परत वळवते.” मग पाणी प्यायला.

निघताना गाडीच्या चाकाला बुटाने हलकेच ठोकून म्हणाला, “आई, टायर बघून घे. गुळगुळीत झालेत.” शरणागतीचा इतका नीटनेटका मसुदा मी आजवर वाचला नव्हता.

१६ डिसेंबर, मंगळवार

एक चमत्कारिक गोष्ट. पंप नवा, व्हॉल्व्ह नवा, रविवारी सगळ्यांसमोर सिद्ध झालेलं. तरी काल आणि आज सकाळी खालून: धप्प. टक्. घुंईई. शांत. टक्. घुंईई. मग इंजिन.

बायकोला म्हटलं, “तुझ्या आईला सांग, आता त्याची गरज नाही. सवय लागलेली दिसते. मी सांगू का?”

“तू काही सांगू नकोस,” ती म्हणाली, आणि मी न मागता मला आणखी चहा दिला. यंत्राच्या बाबतीत या घरात माझं कोणी ऐकत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

आज लवकर जाग आली. सगळे उठायच्या आत बादली घेऊन खाली गेलो आणि गाडी धुतली. छत, काचा, चाकं, नंबरपाटीच्या मागे जमलेला चिखलसुद्धा. पाणी बर्फासारखं होतं; बॅटरीबद्दल मत देताना माणसाने ऋतू बघावा. समोरची काच पुसायला काही सापडेना, तेव्हा दाराच्या खिशातलं पिवळं फडकं हाताशी आलं. उलगडलं. मग होतं तशीच घडी करून परत ठेवलं आणि काच शर्टाच्या बाहीने पुसली.

वर येऊन चहा ओतला, तोवर मेट्रन डबा घेऊन आल्या. गाडीभोवती फिरल्या. बॉनेटवर बोट ओढलं, ते उजेडात धरून निरखलं. खिडकीकडे बघितलं नाही. आत बसल्या.

धप्प. टक्. घुंईई.

मी कप तसाच धरून उभा राहिलो. आज मधली शांतता नेहमीपेक्षा जरा लांबली. मग टक्, घुंईई, आणि गाडी गेली.

चहा पार गार झाला होता. तक्रार नाही.